नवीन फिशिंग कायाकच्या पोटात दरवेळी पाणी सापडतंय? सीलंट लावायच्या आधी हे करून बघा

सिट-ऑन-टॉप (म्हणजे आत न शिरता वर बसून चालवायची) फिशिंग कायाक नवीन घेतलेल्यांपैकी बऱ्याच जणांचा पहिला प्रश्न हाच असतो, की पाण्यात सगळं मस्त चाललं, बॅलन्स चांगला वाटला, एखाददुसरी तांबोशी पण लागली, आणि किनाऱ्यावर ओढून मागचा ड्रेन प्लग, म्हणजे आतलं पाणी काढायचं बूच, उघडला तर आतून भदाभदा पाणी. पुसून वाळवून ठेवली, पुढच्या रविवारी परत तेच. मग हार्डवेअरच्या दुकानातून सिलिकॉनची ट्यूब येते, जिथे जिथे स्क्रू दिसतो तिथे फासली जाते, एक-दोन वेळा पाणी कमी झाल्यासारखं वाटतं आणि नंतर पुन्हा पहिल्यासारखं. असं करू नका. सिलिकॉन कायाकच्या पॉलिएथिलिन प्लास्टिकला धरतच नाही, आणि एकदा ते सगळीकडे फासलं की खरी गळती कुठे आहे ते दिसायचं बंद होतं. पाणी कुठून येतंय ते शोधायला एखादी सकाळ जाते, दुरुस्ती बहुतेक वेळा अर्ध्या तासाची असते. म्हणून आधी शोध, मग दुरुस्ती.

सुरुवातीला एक गोष्ट नीट समजून घ्या कारण इथे खूप गोंधळ होतो. तुम्ही बसता तिथे पायाशी पाणी येणं आणि कायाकच्या पोटात म्हणजे हलमध्ये पाणी येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बसायच्या जागेत जी आरपार भोकं असतात, स्कपर म्हणतात त्यांना, ती वरचं पाणी खाली जायला दिलेली असतात आणि वजन जास्त झालं की त्याच भोकांतून खालचं पाणी वर येतं. त्यात बिघाड काही नाही, वजन कमी करा किंवा स्कपर प्लग लावा. हलचं पाणी मात्र बंद पोकळीत जातं, बसल्या जागेवरून दिसत नाही, आणि वळताना आतून डुचमळल्याचा आवाज येईपर्यंत कळतही नाही. हा लेख त्या दुसऱ्या पाण्याबद्दल आहे.

ते एवढं मनावर का घ्यायचं, तर 10 लिटर पाणी म्हणजे 10 किलो वजन, आणि हे वजन एका जागी बसत नाही, कायाक डावीकडे कलली की सगळं डावीकडे धावतं आणि कलणं आणखी वाढवतं. बारा फुटी, रुंद, एकदम स्टेबल म्हणून घेतलेली कायाक अशी आतून भरली की उभं राहून गळ टाकणं सोडा, बाजूने येणारी साधी लाट पण जड जाते. जिताडा लागला, तुम्ही एका बाजूला झुकलात आणि त्याच वेळी आतलं पाणी त्याच बाजूला आलं की उलटायला अजून काही लागत नाही.

दुसरं, कोणीतरी हमखास सांगतं की ते कंडेन्सेशन आहे, आतली वाफ थंड होऊन पाणी होतं, लक्ष देऊ नको. हिशेब करून बघा. 30 अंशाला पूर्ण दमट हवेच्या एका घनमीटरमध्ये साधारण 30 ग्रॅम बाष्प मावतं. साध्या फिशिंग कायाकच्या पोटात हवा असते अंदाजे 250 लिटर, म्हणजे पाव घनमीटर. सगळीच्या सगळी वाफ पाणी झाली तरी सात-आठ ग्रॅम, दोन चमचे पण भरत नाही. आतल्या भिंतीवर दव दिसलं तर ते कंडेन्सेशन असू शकतं, मगभर पाणी निघालं तर ते बाहेरूनच आलंय.

आता जे कारण फार कमी लोकांना माहीत असतं ते आधी सांगतो, कारण नव्या कायाकमध्ये कुठेही चीर नसताना पाणी येण्यामागे बऱ्याचदा हेच असतं. कायाक गाडीच्या टपावर उन्हात तापते. आतली हवा आरामात 50 अंशांपर्यंत जाते. तुम्ही खाडीवर पोचता, घाईत प्लग घट्ट लावता आणि सरळ 28 अंशाच्या पाण्यात ढकलता. आतली हवा गार होऊन आकसते, साधारण 7 टक्के, म्हणजे 250 लिटरमध्ये सतराएक लिटरची जागा रिकामी झाली आणि ती भरायला बाहेरून काहीतरी आत ओढलं जाणारच. हलचं प्लास्टिक थोडं आत दबतं, उरलेली ओढ झाकणांखालच्या प्रत्येक गॅस्केटवर (रबरी पट्टीवर), प्रत्येक रिव्हेटवर येते. कायाक पाण्यात बुडते दहा-पंधरा सेंटीमीटर, तेवढ्या खोलीचा दाब अगदी किरकोळ, पण ही आतली ओढ त्याच्या कितीतरी पट जास्त होऊ शकते. एरवी थेंब आला नसता अशा सांध्यातून ती पाणी खेचून घेते. हॅचच्या, म्हणजे सामान आत ठेवायच्या झाकणाच्या, कडेच्या खाचेत लाटेचं थोडं पाणी साचलेलं असेल तर ते पण आत जातं.

पुण्याहून कोकणात कायाक आणणाऱ्यांना तर हे दुप्पट लागतं. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटर वर आहे, तिथली हवा खालच्यापेक्षा सहाएक टक्के विरळ. घरी प्लग बंद करून निघालात, कुंभार्ली किंवा ताम्हिणी उतरून खाली आलात की घाटावर झाकण लावलेली पाण्याची रिकामी बाटली जशी चेपते तशी कायाक चेपायला बघते. काही जणांना तळ आत गेलेला दिसतो आणि ते दोरी जास्त ताणली म्हणून समजतात. दोरीमुळेही होतं, पण बंद प्लगमुळे पण होतं.

यावर उपाय फुकट आहे. प्रवासात आणि घरी ठेवलेली असताना ड्रेन प्लग उघडा ठेवायचा, हरवू नये म्हणून दोरीने बांधून. पाण्यावर पोचलं की कायाक कडेला उथळ पाण्यात टेकवायची, वरून दोन-चार बादल्या पाणी मारायचं (हॅच बंद ठेवून), दहा मिनिटं सामान लावेपर्यंत गार होऊ द्यायची, आणि एकदम शेवटी प्लग लावायचा. मधे खूप वेळ उन्हात कुठल्या तरी वाळूवर थांबलात, जेवलात, तर परत निघताना प्लग एकदा उघडून बंद करायचा. उघडताना फुस्स आवाज आला तर समजा आत दाब होता. नुसतं एवढं करून काही जणांचा प्रश्न संपतो, म्हणून बाकी काही खोलण्याआधी एक ट्रिप अशी करून बघा. काही कायाकना पुढच्या हँडलपाशी हवेसाठी बारीक भोक कंपनीनेच दिलेलं असतं, ते चीर समजून बुजवू नका.

यानंतर ड्रेन प्लग आणि हॅच. प्लगच्या खाली रबराची वॉशर असते, ती बऱ्याचदा प्लगबरोबर गोल फिरून मुडपलेली असते, किंवा वाळूचा एक कण तिच्यात बसलेला असतो. एक कण पुरतो. धुवून, बोटाने चाचपून, सिलिकॉन ग्रीस अगदी थोडं लावून बसवा. व्हॅसलीन लावू नका, बऱ्याच रबरांना ते फुगवतं. आणि प्लग पान्याने कधीच आवळू नका, प्लास्टिकचे आटे एकदा गेले की मग पूर्ण हाउसिंगच बदलायला लागतं. गोल फिरवायच्या हॅचचं पण तेच, आटे वाकडे चढले की वरून बंद दिसतात आणि एका बाजूला फट राहते. पुढचं मोठं झाकण, जे बंजीच्या दोरीने ओढून लावतात, ते मुळात शिंतोडे अडवण्यापुरतंच असतं, रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या किंवा आरे-वारेच्या किनाऱ्यावर फुटणाऱ्या लाटेतून कायाक काढली आणि लाट सरळ नाकावर आली तर त्यातून पाणी जाणारच. असं असेल तर गळती शोधण्यात वेळ घालवू नका, त्या झाकणाची फोमची पट्टी बदला आणि लॉन्च खाडीच्या आतून करा.

एवढं करूनही पाणी येतंय? मग घरी टेस्ट. सगळ्यात सोपी आणि सगळ्यात भरवशाची म्हणजे साबणाची. कायाक दोन टायरवर किंवा गाद्यांवर ठेवा, सगळी हॅच बंद, ड्रेन प्लगच्या जागी पाण्याची नळी कापड गुंडाळून घट्ट बसवा, आणि दुसऱ्याने तोंडाने हवा भरत राहायची. व्हॅक्यूम क्लीनर उलटा लावून पण होतं, पण हवा हळू सोडा आणि पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर चुकूनही लावू नका, हल त्या प्रेशरसाठी बनवलेलाच नसतो. भांडी घासायच्या लिक्विडचं दाट पाणी ब्रशने प्रत्येक स्क्रू, रिव्हेट, रॉड होल्डर, हॅचची कड, स्कपरच्या आतल्या बाजू, हँडल, रडरच्या (सुकाणूच्या) वायरी जिथून बाहेर येतात ती जागा, सगळीकडे लावत जा. जिथे बुडबुडे फुगतात तिथे खडूने खूण करा. पहिली जागा सापडली की थांबायचं नाही, पूर्ण फिरायचं, कारण बऱ्याचदा जागा एकापेक्षा जास्त असतात आणि लोक पहिलीच बंद करून खूश होतात.

रात्री अजून एक करता येतं, आत जोरदार एलईडी टॉर्च टाकायचा, घरातले दिवे बंद करायचे आणि बाहेरून बघायचं. फिक्या रंगाची कायाक असेल तर प्लास्टिक थोडं उजळतं आणि चीर असेल तिथे एकदम चमकदार रेघ दिसते. काळ्या-निळ्या कायाकला याचा फार उपयोग नाही.

पण इथे एक मोठी अडचण आहे. काही चिरा वजन पडल्याशिवाय उघडतच नाहीत. सीटखालचा स्कपर तुम्ही बसलात की ताणला जातो, चीर उघडते, पाणी आत, तुम्ही उतरलात की परत बंद. अशी कायाक अंगणात साबणाच्या टेस्टमध्ये पास होते आणि खाडीत दरवेळी नापास. म्हणून टेस्ट करताना सीटवर 20 लिटरचे पाण्याने भरलेले कॅन ठेवा, तीन-चार, आणि मग परत हवा भरा. हे न करता "घरी तर काही गळत नाही" म्हणणारे खूप आहेत.

मग पाण्यातली टेस्ट. जागा आणि वेळ नीट निवडा. आमच्याकडे भाट्याच्या खाडीत, पुलाच्या आतल्या बाजूला, काजळी नदीचं पाणी शांत असतं तिथे, भरती चढत असताना करायची. कारण भरती तुम्हाला आत नेते. ओहोटीत टेस्ट केली आणि कायाक भरायला लागली तर पाणी तुम्हाला खाडीच्या तोंडाकडे, बाहेरच्या लाटांकडे ओढतं, आणि पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला ती ओढ वल्ह्याने मारून आवरत नाही. दुपारी खारे वारे सुटायच्या आत सकाळीच उरका. लाइफ जॅकेट अंगात, सीटमागे बांधलेलं नाही, आणि किनाऱ्यावर एक माणूस असू द्या. तारकर्ली-देवबागकडे कर्ली नदीच्या आतल्या भागात किंवा गोव्यात साळ नदीवर पण अशा शांत जागा भरपूर आहेत, धरणावर करायची असेल तर आधी परवानगी आहे का ते बघा.

टेस्ट टप्प्याटप्प्याने करायची, सगळं एकदम नाही. आत पूर्ण कोरडी करून, स्पंजने पुसून, आधी रिकामी कायाक कमरेएवढ्या पाण्यात अर्धा तास नुसती धरून ठेवा, कोणी बसायचं नाही. बाहेर काढा, प्लग उघडा, निघालेलं पाणी मापाच्या जगमध्ये घ्या आणि लिहून ठेवा. नंतर तुम्ही बसा, पण वल्हं मारायचं नाही, अर्धा तास. परत मोजा. मग जोरात वल्हवा, वळवा, वर पाणी उडू द्या, परत मोजा. रिकामी असतानाच पाणी आलं तर तळाला किंवा पाण्याखाली राहणाऱ्या फिटिंगला भोक आहे. बसल्यावरच आलं तर स्कपर, सीटच्या आजूबाजूचे स्क्रू, किंवा मागचा प्लग, कारण वजनाने मागची बाजू खाली जाते आणि एरवी पाण्यावर असलेला प्लग पाण्याखाली जातो. फक्त जोरात चालवल्यावर आलं तर वरची बाजू बघा, हॅच, रॉड होल्डर, ट्रॅक (सामान अडकवायच्या पट्ट्या). या तीन आकड्यांनी शोध निम्म्याहून कमी होतो. पाणी आत नेमकं कुठे साचलंय यावर मात्र विश्वास ठेवू नका, ते उतारावर धावतं, ओढून आणताना सगळं मागे जातं आणि सगळ्यांना वाटतं मागूनच गळतंय.

खाऱ्या पाण्यातल्या लोकांना एक फायदा आहे जो धरणवाल्यांना नाही. आतलं पाणी न धुता, हॅच उघडे ठेवून, कायाक सावलीत दोन दिवस पूर्ण वाळू द्या आणि मग टॉर्च घेऊन, हात आत जात नसेल तिथे मोबाईलचा कॅमेरा घालून बघा. पाणी जिथून उतरलं तिथून मिठाची पांढरट रेघ दिसते, स्क्रूपासून खाली ओघळलेली. मला ही पद्धत सगळ्यात आवडते कारण यात कायाक खरोखर चालताना काय झालं तेच दिसतं. रेघ दिसत नसेल तर पुढच्या ट्रिपला आतून प्रत्येक स्कपरच्या नळीभोवती आणि संशय असलेल्या फिटिंगखाली कोरडा टिश्यू पेपर गुंडाळून टेपने चिकटवा. परत आल्यावर कुठला ओला आणि कुठला कोरडा ते बघा.

आता फिटिंगबद्दल थोडं सविस्तर, कारण फिशिंग कायाकला नुसत्या कायाकपेक्षा भोकं कितीतरी जास्त असतात आणि त्यातली निम्मी आपणच पाडतो. फ्लश माउंट रॉड होल्डर, जो डेकमध्ये तिरका खोचलेला असतो, त्याचा तळ बंद आहे का ते बघा. काहींचा तळ उघडा असतो, म्हणजे त्यात पडलेलं प्रत्येक थेंबभर पाणी सरळ हलमध्ये, आणि लाट वरून गेली की ग्लासभर. त्याला रबराचं टोपण मिळतं, ते लावा, किंवा बंद तळाचा होल्डर घ्या. ज्या कोणी नवीन कायाकवर हौसेने फिश फाइंडर (मासे दाखवणारं यंत्र), अँकर ट्रॉली (नांगराची दोरी पुढे-मागे सरकवायची सोय), जास्तीचे ट्रॅक लावलेत आणि त्यानंतर पाणी यायला लागलं, त्यांनी सगळ्यात आधी तीच भोकं बघावीत. पॉलिएथिलिनमध्ये साधा सेल्फ टॅपिंग स्क्रू टिकत नाही, रॉडच्या ओढीने आणि उन्हा-गारव्याने प्लास्टिक थोडं थोडं सरकतं आणि स्क्रू ढिला पडतो, आवळला तर अजून मोठं भोक होतं. जिथे आतून हात पोचतो तिथे आरपार बोल्ट, आतून मोठी वॉशर आणि नायलॉन लॉक नट. जिथे पोचत नाही तिथे वेलनट, ती रबराची असते, आवळली की आतून फुगून बसते आणि पाणी पण अडवते. साध्या पॉप रिव्हेटचा खिळा बऱ्याचदा लोखंडाचा असतो, खाऱ्या पाण्यात गंजतो आणि रिव्हेट हलायला लागतो. स्टील घ्यायचं तर 316 ग्रेडचं मागा, 304 वर खाडीच्या पाण्यात तांबूस डाग लवकर येतात.

फिटिंगखाली सीलंट लावायचाच तर तो चिकटवायला नाही, दाबून बसणाऱ्या थरासारखा लावायचा. जुना सगळा खरवडून काढा, स्पिरिटने पुसा, फिटिंगखाली ब्यूटिल टेपचा (मऊ, चिकट रबरी पट्टीचा) पातळ थर द्या आणि वरून बोल्ट आवळा. ब्यूटिल मऊच राहतं, प्लास्टिक हललं तरी फट पडत नाही. फिश फाइंडरच्या वायरीला केबल ग्लँड (वायरीभोवती घट्ट बसणारं फिटिंग) लावा, नुसतं भोक पाडून वर गम लावलेला कधीच टिकत नाही.

आणि आता ज्याची सगळ्यांना भीती असते ती चीर. नव्या कायाकमध्ये चीर पडायचं नेहमीचं कारण म्हणजे ट्रॉली. दोन दांडे स्कपरमध्ये घालायची ट्रॉली सोयीची वाटते पण सगळं वजन त्या दोन नळ्यांच्या काठावर येतं. त्यात लोक कूलर, बॅटरी, अँकर सगळं भरून जांभ्याच्या खडबडीत वाटेवरून खाली नेतात, प्रत्येक खड्ड्याला धक्का स्कपरच्या तळाला, आणि तिथेच केसासारखी चीर जाते. ट्रॉली वापरायची तर पट्टा बांधून तळाखालून आधार देणारी घ्या, आणि सामान पाण्यापाशी नेऊन मग भरा. दुसरं, जेटीच्या दगडांवर कालवं चिकटलेली असतात, त्यांची कड ब्लेडसारखी धारदार असते, कायाक त्यावरून ओढू नका, उचला. ओढून ओढून मागच्या टोकाचा तळ झिजतो आणि तो कधी आरपार गेला ते कळत पण नाही, तिथे वाकून नक्की बघा.

जेटीवरच्या जुन्या मंडळींकडून एक सल्ला मिळतो, पाण्यात राहू दे दोन दिवस, फुगून आपोआप बसेल. त्यांचं त्यांच्या होडीपुरतं अगदी बरोबर आहे, लाकडाची फळी पाणी पिऊन फुगते आणि सांधे मिटतात. प्लास्टिक पाणी पीत नाही, त्यातली चीर पाण्यात ठेवून फक्त वाढू शकते.

चीर असेल आणि वॉरंटी चालू असेल तर तिला हात लावू नका. स्वच्छ पुसून, शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा, साबणाचे बुडबुडे येतानाचा व्हिडिओ काढा, हलवरचा सीरियल नंबर आणि बिल जोडा, आणि ज्याच्याकडून घेतली त्याला लेखी पाठवा. वर तुम्ही गम किंवा सिलिकॉन फासलेलं असेल तर वॉरंटीवाला तेच कारण पुढे करतो, सुरुवातीला सीलंट नको म्हटलं त्याचं हे पण एक कारण.

वॉरंटी नसेल तर प्लास्टिक वेल्डिंग. इपॉक्सी पुटी, झटपट चिकटणारा गम, बाथरूमचं सिलिकॉन, यातलं काहीही पॉलिएथिलिनवर टिकत नाही, या प्लास्टिकचा पृष्ठभागच असा आहे की गम त्यावर पसरून धरत नाही, वाळल्यावर नखाने पापुद्रा निघतो. प्लास्टिक वितळवूनच जोडायला लागतं, आणि तेही त्याच जातीच्या प्लास्टिकच्या रॉडने. रोटोमोल्ड कायाक (फिरत्या साच्यात एकसंध ओतलेली) बहुतेक एलएलडीपीई किंवा एचडीपीई या पॉलिएथिलिनच्या जातींची असते, कुठली ते मॅन्युअलमध्ये बघा. हॅच किंवा होल्डरसाठी कापलेला तुकडा ठेवला असेल तर त्याच्याच पट्ट्या सगळ्यात उत्तम, म्हणून ते तुकडे कधी टाकू नका. चिरेच्या दोन्ही टोकांना 3 मिमीचं भोक पाडायचं म्हणजे ती पुढे पळत नाही, चिरेला व्ही आकाराची खाच करायची, हॉट एअर गनने दोन्ही कडा आणि रॉड एकत्र तापवायचे, पृष्ठभाग चकाकायला लागला की दाबून भरायचं. हे प्लास्टिक 120 ते 130 अंशांच्या आसपास वितळतं, पिवळं-तपकिरी पडलं किंवा धूर आला तर ते जळलं, तो जोड टिकणार नाही, खरवडून परत करा. आधी त्या तुकड्यावर सराव करा, सरळ हलवर हात साफ करायला जाऊ नका. स्कपरच्या नळीच्या आतली चीर मात्र घरी करायला अवघड आहे, जागा अरुंद आणि प्लास्टिक पातळ, पाण्याच्या टाक्या वेल्ड करणारे कारागीर रत्नागिरी-चिपळूणसारख्या गावांत मिळतात, त्यांना एलएलडीपीई म्हणून सांगा आणि समोर उभं राहून करून घ्या.

किती पाणी चालतं असंही विचारतात. माझ्या मते अर्ध्या दिवसानंतर एखादा ग्लास निघाला तर त्यामागे धावू नका, हॅच उघडझाप करताना तेवढं जातंच. लिटरभर निघायला लागलं की शोधा. चार-पाच लिटर असेल तर सापडेपर्यंत खाडीत नेऊ नका, मासे कितीही लागत असोत. आणि पाण्यात असताना शंका आली, कायाक जड वाटायला लागली, वळल्यावर हळू सावरायला लागली, तर तिथेच मधे हॅच उघडून बघायचा मोह टाळा, उघड्या हॅचमध्ये एक लाट गेली की जे हळूहळू भरत होतं ते एकदम भरतं. जवळच्या काठाला लावा, उभं राहू नका, काठावर मगच उघडा. छोटा हातपंप आणि स्पंज सीटमागे कायम असू द्या.

दुरुस्ती झाली की घरच्या घरी पास म्हणू नका, वजन ठेवून साबणाची टेस्ट परत करा, मग त्याच खाडीत तेच तीन टप्पे, तेवढाच वेळ, आणि आधी लिहून ठेवलेल्या आकड्यांशी ताडून बघा. पहिले दोन टप्पे कोरडे आणि तिसऱ्यात अजून थोडं येत असेल तर ते वरून, बहुधा हॅचमधून येतंय, गॅस्केट मागवा, तोपर्यंत खाडीच्या आतच फिशिंग करा.